पाच रुपयांत किती बिस्किट?

चहाच्या टपरीवर, मग ती कंधारची असो की लातूरची, चहासोबत काय घ्यावे याचा फारसा विचार होत नाही. हात आपोआप ग्लुकोज बिस्किटांच्या छोट्या पुड्याकडे जातो. कितीतरी घरांतली मुले सकाळी चहा-बिस्किट खाऊनच शाळेत येतात. म्हणजे हा पुडा केवळ चवीसाठी नाही, न्याहारी म्हणून घेतला जातो. तेव्हा आपल्या पाच रुपयांत नेमके काय येते ते मोजून पाहू. शाळेतला तराजू त्याला पुरेसा आहे.

मुंबईत विलेपार्ल्याला १९२९ साली सुरू झालेल्या पार्ले कारखान्याने १९३९ मध्ये बिस्किटे करायला घेतली. पुढे ती खेड्यापाड्यांत पोचली, त्यात स्वस्ताईचा वाटा मोठा. लहान पुड्याची किंमत सहसा एका नाण्यात बसेल अशी ठेवतात. मैदा, साखर, तेल महागले की किंमत तीच राहते, वजन उतरते.

समजा, पाच रुपयांचा ६० ग्रॅमचा पुडा ५० ग्रॅमचा झाला. भाव किती वाढला, असे वर्गात विचारा. वजन एक-षष्ठांशाने घटले, म्हणून बरीच मुले 'सुमारे १७ टक्के' असे सांगतील. आता किलोचा भाव काढू. आधी तो ८३ रुपये ३३ पैसे होता, आता १०० रुपये झाला. वाढ २० टक्के! आणखी १० ग्रॅम कमी केले, तर भाव १२५ रुपये, म्हणजे वाढ २५ टक्के. कपात तेवढीच, पण भाववाढ दर वेळी जास्त. व्यस्त चलनाचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला तरी सुचत नाही.

१ जानेवारी २०२४ पासून वेष्टनावर एका ग्रॅमचा दरही छापावा लागतो. ही सोय चांगली, पण तो दर दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित केलेला असतो. पाच रुपयांचा पुडा ४८ ग्रॅमचा असो वा ५२ ग्रॅमचा, दर ०.१० रुपयेच दिसणार. म्हणून वजनाचा आकडा वाचून भागाकार स्वतः करावा. मोठा पुडा नेहमी स्वस्तच पडतो असेही धरून चालू नये.

बेकरीतली सुटी खारी आणि बटर घेताना डोळे फसवतात. खारीच्या पदरांत हवा असते, त्यामुळे पिशवी भरलेली दिसली तरी माल हलका असतो. ती तोलूनच घ्यावी.

आता कपात बुडवण्याविषयी. ब्रिस्टल विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ लेन फिशर यांना या अभ्यासासाठी १९९९ चे इग नोबेल मिळाले. बिस्किटाच्या सूक्ष्म छिद्रांतून चहा केशाकर्षणाने चढतो. दुप्पट अंतर जायला त्याला चौपट वेळ लागतो. हे सूत्र वॉशबर्न यांनी १९२१ मध्येच मांडले होते. पिठाचे कण साखरेने एकमेकांना धरलेले असतात. साखर विरघळली, स्टार्च फुगून मऊ झाला की तुकडा पडतो. फिशर यांचा सल्ला असा, की बिस्किट शक्य तितके आडवे धरून एकच बाजू भिजू द्यावी; वरची कोरडी बाजू आधार देते. तळाचा लगदा चमच्याने खाणाऱ्यांना याची गरज नाही.

पण न्याहारी म्हणून पाहायचे, तर भागाकारातला छेद बदलावा लागतो. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. ग्लुकोज बिस्किटाच्या यादीत पहिला गव्हाचा मैदा असतो आणि साखर लगेच मागे. १०० ग्रॅममध्ये ऊर्जा ४५० किलोकॅलरींच्या आसपास, प्रथिने ६-७ ग्रॅम. शेंगदाण्यांत ऊर्जा सुमारे ५६७ किलोकॅलरी आणि प्रथिने जवळजवळ २५ ग्रॅम. शेंगदाणे किलोला १५० रुपये धरले, तर पाच रुपयांत ३३ ग्रॅम येतात. त्यांत प्रथिने ८ ग्रॅम, ऊर्जा १८७ किलोकॅलरी. पाच रुपयांच्या ५० ग्रॅम बिस्किटांत प्रथिने तीनच ग्रॅम, ऊर्जा मात्र २२५. ऊर्जेत बिस्किट पुढे, प्रथिनांत शेंगदाणे. मुलांनी आपल्या बाजारातला आजचा भाव घालून हेच गणित फुटाणे, खारी आणि घरच्या भाकरीसाठीही करावे.