३.१ टक्क्यांचा फेब्रुवारी

२०२५च्या फेब्रुवारीत मुंबईचं नाव एका विचित्र यादीत आलं. ‘२०२४ वायआर४’ नावाचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची थोडी शक्यता होती. आदळलाच, तर तो ज्या पट्ट्यात पडू शकला असता तो पूर्व प्रशांत महासागरातून निघून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडत दक्षिण आशियापर्यंत येत होता. बातमीदारांनी नकाशा पुढ्यात घेऊन पट्ट्यातली मोठी शहरं वेचली: बोगोटा, लागोस, मुंबई, कोलकाता, ढाका. बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यासारख्या वस्तीत अशी बातमी दूरची राहत नाही. इथल्या कित्येक घरांतलं कुणी ना कुणी रोज सकाळी मुंबईची लोकल पकडतं.

हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या ‘अ‍ॅटलास’ दुर्बिणीला सापडला. त्याच्या दोनच दिवस आधी तो पृथ्वीपासून सुमारे ८ लाख ३० हजार किलोमीटरवरून निघून गेला होता. म्हणजे दिसला तेव्हा तो दूर जात होता, दिवसेंदिवस मंद होत होता आणि मोजमापं घ्यायला वेळ कमी होता. जानेवारीच्या अखेरीस टकरीची शक्यता एक टक्क्यावर गेली. ७ फेब्रुवारीच्या सुमारास ती २.३ टक्के झाली आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के. एवढ्या आकाराच्या लघुग्रहासाठी इतका मोठा आकडा त्याआधी कधीच नोंदला गेला नव्हता. दुसऱ्याच दिवशी तो दीड टक्क्यावर उतरला आणि २४ फेब्रुवारीला ०.००४ टक्के झाला.

वाचणाऱ्याला यातून काय दिसलं? आधी एक, मग दोन, मग तीन. म्हणजे संकट जवळ येतंय. आणि एकाएकी शून्य. म्हणजे काहीतरी दडपलं जातंय, नाहीतर या लोकांना काही कळत नाही. दोन्ही समज चुकीचे होते, पण ते होणं स्वाभाविक होतं, कारण आकडा का चढतो हे बहुतेक ठिकाणी कुणी सांगितलंच नाही.

ते समजायला आपली लोकल पुरेशी आहे. समजा, कल्याणला पाकीट खिशात होतं आणि बदलापूरला उतरताना नव्हतं. ते अंबरनाथलाच पडलं असेल का? शक्यता थोडी. मग आठवतं, उल्हासनगरला पास दाखवला तेव्हा पाकीट हातात होतं. शोधायचा पट्टा आखूड झाला आणि अंबरनाथ अजून त्यात आहे, म्हणून अंबरनाथची शक्यता वाढली. पाकीट मात्र जागचं हललेलं नाही. शेवटी शेजारचा प्रवासी सांगतो, अंबरनाथ गेल्यावरही ते तुमच्या मांडीवर होतं. झालं, अंबरनाथचा प्रश्नच मिटला.

२०३२च्या त्या दिवशी लघुग्रह नेमका कुठे असेल याचाही असाच एक लांबलचक पट्टा होता आणि पृथ्वी त्यातलं एक छोटं स्टेशन. प्रत्येक नव्या निरीक्षणानं पट्टा आखूड होत गेला. पृथ्वी त्यात होती तोवर टक्का चढला. ती पट्ट्याबाहेर गेली आणि टक्का कोसळला. आकडा आधी चढून मग बहुधा शून्याकडे जाईल, हे खगोलशास्त्रज्ञांनी आधीच सांगून ठेवलं होतं. २००४च्या डिसेंबरात ‘अपोफिस’ लघुग्रहाच्या बाबतीत हेच घडलं होतं. तेव्हा शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. आज आपल्याला ठाऊक आहे की १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून सुखरूप निघून जाणार आहे.

भीती निराधार होती, असंही म्हणता येत नाही. जेम्स वेब दुर्बिणीनं मार्चमध्ये घेतलेल्या मोजमापांनुसार वायआर४ सुमारे ६० मीटरचा आहे. २०१३च्या फेब्रुवारीत रशियातल्या चेल्याबिन्स्कवर फुटलेला अशनी जेमतेम २० मीटरचा होता, तरी त्यानं शहरभर खिडक्यांच्या काचा फोडल्या आणि हजाराहून अधिक माणसं जखमी केली. म्हणून तर शास्त्रज्ञांनी एक टक्क्याला जगाला सावध केलं. त्यांनी गप्प बसायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. २०२५च्या जूनमध्ये हाच लघुग्रह चंद्रावर आदळण्याची शक्यता तेव्हा ४.३ टक्के असल्याचं जाहीर झालं. ती बातमी किती जणांनी वाचली?

नव्या शोधावर लोकांची प्रतिक्रिया पहिल्या दिवशी येते. जाणकारांची यायला महिने लागतात, कधी वर्षं. या अंतराचं मराठी माणसाच्या सर्वांत जवळचं उदाहरण भीतीचं नसून कौतुकाचं आहे. ११ जून १९६४ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीत खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकर यांचा गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला गेला. नारळीकर तेव्हा पंचविशीत होते. वृत्तपत्रांनी तो उचलून धरला. पुढच्या वर्षी ते भारतात आले तेव्हा व्याख्यानांना गर्दी लोटली आणि १९६५मध्येच, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळालं. कोल्हापुरात जन्मलेल्या मुलाचं नाव आइन्स्टाइनबरोबर घेतलं जात होतं. त्या अभिमानात खोटं काहीच नव्हतं.

पण लंडनच्या त्या सभागृहातच दुसरी प्रतिक्रिया उमटली होती. स्टीफन हॉकिंग नावाचा केंब्रिजचा एक संशोधक विद्यार्थी उभा राहिला आणि म्हणाला की समीकरणातली एक राशी अनंत होते. हॉइलनी ते नाकारलं आणि तुम्हाला कसं माहीत, असं विचारलं. मी ते गणित करून पाहिलंय, असं उत्तर आलं. नारळीकरांशी होणाऱ्या चर्चांमुळे ते काम हॉकिंगना आधीच पाहायला मिळालं होतं. १९६५मध्ये त्यांनी आपला आक्षेप शोधनिबंधात रीतसर मांडला. त्याच वर्षी पेन्झियस आणि विल्सन यांनी विश्वाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर केला आणि विश्वाच्या उगमाच्या वादात पारडं महास्फोटाच्या सिद्धांताच्या बाजूला झुकलं.

नारळीकर तरीही अल्पमतात ठामपणे उभे राहिले. महास्फोटाला पर्याय शोधत राहिले, १९८८मध्ये पुण्यात आयुका ही खगोलविज्ञान संस्था उभारली आणि २० मे २०२५ रोजी त्यांचं निधन होईपर्यंत सामान्य माणसाशी मराठीत बोलत राहिले. लोकांनी केलेला जयजयकार आणि सहकाऱ्यांनी केलेला विरोध, दोन्ही त्यांनी सारख्याच शांतपणे घेतले. त्यांच्याबद्दलच्या आदराचं मोठं कारण खरं तर हे असायला हवं. १९६४चे मथळे त्यामानानं लहान आहेत.

जाणकारांचा संशय किती टोकाला जातो, याचा एक नमुना गुरुत्वीय लहरींचा. २०१०मध्ये या लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाच्या मोजक्या लोकांनी आपल्याच यंत्रांत गुपचूप एक खोटा संकेत घातला. शेकडो शास्त्रज्ञांनी महिनोन्‌महिने त्याचं विश्लेषण केलं, शोधनिबंध लिहून तयार केला आणि २०११च्या मार्चमध्ये खरं काय ते सांगणारा बंद लिफाफा उघडल्यावर त्यांना कळलं की ही परीक्षा होती. १४ सप्टेंबर २०१५ला खरा संकेत आला, तेव्हा तो जाहीर करायला त्यांनी जवळपास पाच महिने घेतले. गोंगाटातून असे क्षीण संकेत वेचण्याच्या गणितावर आयुकात संजीव धुरंधर १९९०च्या आसपासपासून काम करत होते. आता हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथजवळ लायगोची भारतीय वेधशाळा व्हायची आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्रानं तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

बदलापूरकरांना जाणकारांच्या या दुसऱ्या प्रतिक्रियेची चव घ्यायला हिंगोली गाठायची गरज नाही. कर्जतकडे पुढचंच स्टेशन वांगणी. हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी मुंबईत सुरू झालेलं खगोल मंडळ पावसाळा सरला की इथे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतं. सतरंज्या अंथरलेल्या, हातात लाल कागद लावलेली विजेरी, दुर्बिणीपुढे रांग. शनीची वेळ आली की रांग वाढते, कारण कडी पाहायची असतात. पण २०२५मध्ये नेत्रिकेला डोळा लावणाऱ्याची निराशा ठरलेली होती: पिवळसर ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुईसारखी बारीक रेघ. कारण २३ मार्च २०२५ रोजी शनीची कडी पृथ्वीवरून पाहताना बरोबर धारेवर आली होती आणि पावसाळ्यानंतरही ती फारशी उघडलेली नव्हती.

गॅलिलिओलाही हेच भोवलं. १६१०मध्ये त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना दोन सोबती दिसले, १६१२मध्ये पाहतो तर ते गायब. आपलीच भिंगं आपल्याला फसवत आली की काय, असा प्रश्न त्यानं पत्रातून विचारला. ते सोबती कुठे गेले याचं उत्तर त्याच्या हयातीत कुणालाच देता आलं नाही. १६५९मध्ये हायगेन्सनं पुस्तक छापून सांगितलं की ते एक पातळ, सपाट, ग्रहाला कुठेही न चिकटलेलं कडं आहे आणि धारेवर आलं की दिसेनासं होतं.