रेणू फोडून त्याचा आकार कळतो का?

विषय भौतिकशास्त्राचा आहे आणि मी तत्त्वज्ञानाचा माणूस. पण आजचा प्रश्न दोघांच्याही घरचा आहे: एखादी वस्तू फोडून, ती अखंड असताना कशी होती हे सांगता येतं का?

नायट्रोजनचा रेणू घ्या. त्यातला सर्वांत सैल इलेक्ट्रॉन काढायला १५.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. ८०० नॅनोमीटर लेसरच्या एका फोटॉनकडे असते फक्त १.५५. म्हणजे ११ फोटॉन एकदम हवेत. साध्या प्रकाशात हे घडत नाही. मग ऊर्जा फार न वाढवता वेळ आवळायचा. दहा ग्रॅम वजन एक सेंटीमीटर उचलायला लागते तेवढीच ऊर्जा, एक मिलिज्यूल, ५० फेमटोसेकंदांत केसाच्या जाडीएवढ्या ठिपक्यावर ओतली, की तीव्रता दर चौरस सेंटीमीटरला १०० लाख कोटी वॅटच्या वर जाते. (सेकंदाचे १०० कोटी भाग करा, त्यातल्या एकाचे पुन्हा १० लाख, तो एक फेमटोसेकंद.) असा स्पंद थेट वाढवला तर उपकरणच जळेल. म्हणून तो आधी ताणायचा, मग वाढवायचा, मग पुन्हा आवळायचा. ही युक्ती डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांची, १९८५ सालची. तिला २०१८ चं नोबेल मिळालं.

आता रेणूचं काय होतं? इलेक्ट्रॉन विहिरीत आहे असं समजा. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र इतकं प्रबळ असतं, की विहिरीचा एका बाजूचा काठ झुकतो आणि पातळ होतो. त्या पातळ भिंतीतून इलेक्ट्रॉन निसटतो. याचं गणित केल्डिश यांनी १९६४ मध्ये मांडलं.

दोन्ही अणूंचा एकेक इलेक्ट्रॉन गेला, की उरतात दोन धन आयन, १.१ अँगस्ट्रॉमवर, आणि त्यांना बांधून ठेवायला पुरेसं काही नाही. ते एकमेकांना ढकलतात. याला कूलोम स्फोट म्हणतात. हिशेबाने १३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मोकळे होतात. प्रत्येक तुकडा सेकंदाला नऊ किलोमीटरच्या वेगाने सुटतो. तुकडा डिटेक्टरवर कुठे आणि कधी पोचला यावरून त्याचा वेग कळतो, आणि वेगावरून मागे जात मूळचं अंतर काढता येतं.

पण बरं का, मोजलेली ऊर्जा हिशेबापेक्षा कमी भरते! का? नायट्रोजनच्या रेणूचं एक कंपन १४ फेमटोसेकंदांचं. स्पंद ५० किंवा १०० चा असेल, तर पहिला इलेक्ट्रॉन गेल्यावर बंध सैल होतो आणि शेवटचा जाईपर्यंत अणू लांब सरकलेले असतात. शिवाय थोड्या ताणलेल्या रेणूतून इलेक्ट्रॉन अधिक सहज निघतो. म्हणजे तुकडे खोटं बोलत नाहीत. ते फुटण्याच्या क्षणाचं अंतर सांगतात, आपण ते मूळचं समजतो.

आपल्या न्यायशास्त्रात याला नेमका शब्द आहे: उपाधी. धुरावरून अग्नीचं अनुमान बरोबर. पण अग्नीवरून धुराचं अनुमान ओल्या लाकडाच्या अटीवरच टिकतं, आणि ती अट विसरली की अनुमान फसतं. इथली विसरलेली अट अशी: फुटेपर्यंत रेणू जागचा हललेला नसावा.

अट ओळखली की ती पाळताही येते. दहा फेमटोसेकंदांहून लहान स्पंद वापरून जड पाण्याच्या रेणूचा आकार मुळाच्या बराच जवळ मिळाला. २०१३ मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्टच्या संशोधकांनी त्याहून सुंदर काम केलं. एका कार्बनला हायड्रोजन, फ्लोरिन, क्लोरिन आणि ब्रोमिन जोडलेला रेणू. तो दोन रूपांत असतो, डाव्या-उजव्या हातासारखा. तो पाच आयनांत फोडून, तुकड्यांच्या दिशांवरून त्यांनी एकेक रेणू डावा की उजवा ते सांगितलं. इथे अंतरं थोडी ताणली गेली तरी बिघडत नाही, कारण नुसत्या ताणण्याने डाव्याचा उजवा होत नाही.

तेव्हा प्रश्नाचं उत्तर: हो, कळतो. पण फोडण्याचा वेग वस्तूच्या बदलण्याच्या वेगापेक्षा जास्त हवा. नाहीतर प्रश्न असा विचारायला हवा, की ज्याचं उत्तर त्या बदलाने पुसलं जात नाही.