घाटातला ‘रिव्हर्स’

‘रिव्हर्स’ हे इंग्रजीत स्वतंत्र क्रियापद आहे. मराठीत आल्यावर मात्र ते एकटे चालत नाही. लोणावळ्यात कोणी ‘गाडी रिव्हर्सली’ म्हणत नाही. गाडी रिव्हर्स ‘घेतात’, रिव्हर्स ‘मारतात’, गिअर रिव्हर्सला ‘टाकतात’. क्रियेचा भार घेणे, मारणे, टाकणे या घरच्या क्रियापदांवर असतो. ‘ड्रायव्हरने गाडी रिव्हर्स घेतली’ या वाक्यात ‘घेतली’ हे रूप गाडीप्रमाणे चालते. गाडी हा शब्द गाळला, की ‘ड्रायव्हरने रिव्हर्स घेतला’ असे होते आणि पाहुणा शब्द मुकाट्याने पुल्लिंगी नाम बनतो. हा नियम कुणी शिकवलेला नाही, तरी तो सहसा चुकत नाही.

इंग्रजीत या क्रियापदाचे दोन अर्थ एकमेकांना लागून आहेत: मागच्या बाजूला जाणे आणि दिशा उलट करणे. त्यांतला फरक बोरघाटाच्या रेल्वेत स्पष्ट दिसतो. २१ एप्रिल १८६३ रोजी हा घाटमार्ग खुला झाला. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या या मार्गावर सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना एक फूट होता. खंडाळ्याच्या खाली डोंगराच्या सोंडेवर गाडीला वळसा घ्यायला जागाच नव्हती. म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधले. कर्जतकडून चढून आलेली गाडी तिथे थांबे. पुढे रूळच नसत. इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडत, शेवटचा डबा पहिला होई आणि गाडी दुसऱ्या रुळांवरून खंडाळ्याकडे चढू लागे. एका सरळ रेषेत न झेपणारी उंची अशी दोन टप्प्यांत गाठली जाई. १९२९ मध्ये नवे बोगदे आणि नवा मार्ग झाल्यावर हे स्थानक बंद पडले.

इथे दिशा उलटली, पण गाडी मागे गेली नाही. ती पुण्याकडेच निघाली होती. मराठीत याला ‘रिव्हर्स घेतला’ म्हटले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गाडी पुन्हा कर्जतकडे घसरताना येईल. ‘दिशा बदलली’ किंवा ‘इंजिन फिरवले’ हेच बरोबर. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचे इंजिन दौंडला असेच दुसऱ्या टोकाला लावावे लागे.

रस्त्यावर मराठीने पहिला अर्थ उचलला आहे. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर समोरासमोर आलेल्या गाड्यांतली एक रिव्हर्स घेते, तेव्हा मागे उभा राहून कोणीतरी ‘येऊ द्या, येऊ द्या… बास!’ असे सांगत असतो. एक्स्प्रेसवेवर लोणावळ्याचा फाटा चुकला म्हणून रिव्हर्स घेणे मात्र जीवघेणे आहे. मागून भरधाव येणाऱ्या वाहनाला, पुढची गाडी आपल्याकडेच येते आहे हे उमगायला क्षणाचाही वेळ मिळत नाही. फाटा चुकला तर पुढच्या फाट्यापर्यंत जावे, दुसरा मार्ग नाही.

शब्दकोशात ‘रिव्हर्स’पुढे ‘उलटणे’ सापडते. घाटात हा पर्याय वापरणे धोक्याचे. ‘गाडी उलटली’ याचा मावळात एकच अर्थ आहे: अपघात. ‘मागे घेणे’ हा सुरक्षित पर्याय आहे आणि जुनी माणसे अजूनही ‘गाडी जरा मागं घे’ असेच म्हणतात.

वाहन सोडले, की मराठीला ‘रिव्हर्स’ची फारशी गरज पडत नाही. वरचे न्यायालय खालच्या न्यायालयाचा निकाल फिरवते. सरकार निर्णय मागे घेते. निर्णय मागे घेण्यात नापसंती नाही, पण शब्द फिरवण्यात आहे, आणि पुढाऱ्याने भूमिका बदलली की वर्तमानपत्रे ‘घूमजाव’ छापतात. शर्टाची आतली बाजू बाहेर आली तर तो उलटा घातलेला असतो. इंग्रजी एका शब्दात जे भागवते, त्यासाठी मराठीने चार शब्द निवडून ठेवले आहेत आणि प्रत्येकाला वेगळी छटा आहे.

अलीकडे या शब्दाला पैशांच्या व्यवहारात नवी जागा मिळाली आहे. चिक्कीच्या दुकानात मोबाइलवरून पैसे देताना कधी कधी ते खात्यातून कापले जातात, पण दुकानदाराला पोहोचत नाहीत. मग खात्यात परत आल्यावर गिऱ्हाईक सांगते, ‘पैसे रिव्हर्स झाले’. इथे घेणे, मारणे नाही, ‘होणे’ आहे, कारण हे काम गिऱ्हाइकाने केलेले नसते. ते बँकेच्या यंत्रणेत आपोआप घडते. हिशेबनीस चुकीची नोंद दुरुस्त करतो तेव्हा मात्र ‘एन्ट्री रिव्हर्स केली’ असे म्हणतो, कारण तिथे करणारा तो स्वतः असतो.