नाल्यातून आलेली कावीळ

१९५५ साली यमुनेला पूर आला. तो ओसरला तेव्हा दिल्लीजवळ नदीने आपला प्रवाह थोडा बदलला होता. वजिराबादला शहरासाठी पाणी उचललं जाई आणि तिथून जवळच नजफगडचा नाला नदीला मिळे. एरवी त्याची घाण खालच्या अंगाला वाहून जायची. त्या नोव्हेंबरात ती उलटी फिरून पाणी उचलायच्या जागेपर्यंत आली. जलकेंद्रातले लोक काही झोपले नव्हते. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवलं, आणि शहरात टायफॉइड किंवा हगवण वाढली नाही. मग डिसेंबर लागला आणि घरोघरी पिवळे डोळे दिसू लागले. दोनेक महिन्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली.

निदानाला वेळ लागला नाही. घाण पाण्यातून पसरणारी कावीळ म्हणजे आज जिला आपण हिपॅटायटिस ए म्हणतो तीच, असं सगळ्यांनी धरलं. खटकावी अशी एक गोष्ट मात्र होती. या साथीत गरोदर बायका फार दगावत होत्या. हे कुणाच्या नजरेतून सुटलं नव्हतं, १९५७ मध्ये तसं छापूनही आलं. पण गरोदर बाई नाजूकच असते, एवढ्यावर विषय मिटला. वैद्यकात असली तयार उत्तरं फार महाग पडतात.

तेवीस वर्षांनी, १९७८ च्या हिवाळ्यात, काश्मीर खोऱ्यात तेच सुरू झालं. गावंच्या गावं पिवळी पडली. श्रीनगरचे डॉक्टर महंमद सुलतान खुरू यांनी गावोगाव फिरून घरटी मोजणी केली. पाहणीत २०८ गरोदर बायका होत्या, त्यांतल्या ३६ जणींना कावीळ झालेली. म्हणजे शंभरात सतरा. गरोदर नसलेल्या बायकांत हेच प्रमाण शंभरात दोन. त्या ३६ जणींपैकी आठ जणींचं यकृत बघता बघता निकामी झालं. गरोदर नसलेल्या एकाही आजारी बाईवर ती वेळ आली नाही.

दुसरा धागा वयाचा होता. आपल्याकडे हिपॅटायटिस ए बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, अनेकदा पत्ताही लागत नाही, आणि मग जन्मभराचं संरक्षण मिळतं. इथे तर आजारी पडत होती ती ऐन तारुण्यातली माणसं. मग हा ए कसा असेल? तोवर ए आणि बी ओळखायच्या चाचण्या आल्या होत्या आणि काश्मीरची साथ दोहोंतही बसेना. पाण्यातून पसरणारा आणखी एक विषाणू असावा, असं खुरूंनी १९८० मध्ये मांडलं.

त्याच साली पुण्यातूनही तेच निघालं. राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी संशोधकांच्या जोडीने दिल्लीच्या त्या जुन्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले, इतर साथींतलेही तपासले. ताज्या हिपॅटायटिस ए ची खूण सापडली नाही. पंचवीस वर्षं दिल्लीची साथ भलत्याच्याच नावावर जमा होती! ते नमुने कुणी फेकून दिले नाहीत, याचं मला राहून राहून कौतुक वाटतं.

आता विषाणू डोळ्यांनी दिसायला हवा होता, आणि इथे गोष्ट अंगावर काटा आणते. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांमध्ये कावीळ पसरली होती. मॉस्कोचे विषाणुतज्ज्ञ मिखाईल बालायान यांनी नऊ रुग्णांच्या विष्ठेचा अर्क एकत्र केला आणि स्वतः पिऊन टाकला. दह्यात कालवून घेतला, असं सांगतात. त्यांना हिपॅटायटिस ए होऊन गेलेला होता, त्यामुळे आता कावीळ झालीच तर ती दुसऱ्या कशाची तरी असणार, हा हिशेब. आज कुठलीही नैतिकता समिती हे चालू देणार नाही, आणि ते बरंच आहे. छत्तिसाव्या दिवशी त्यांना कावीळ झाली, तीही चांगली जोराची. मग स्वतःच्याच विष्ठेत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, त्यांना सत्तावीस ते तीस नॅनोमीटरचे गोल कण दिसले. साथीतून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं त्या कणांना बरोबर चिकटत होती. १९८३ मध्ये हे प्रसिद्ध झालं, १९९० मध्ये विषाणूचा जनुकीय तुकडा हाती आला आणि हिपॅटायटिस ई हे नाव पक्कं झालं. पुढे पुण्यात डॉ. विद्या अरणकल्ले आणि सहकाऱ्यांनी जुन्या साथींचे नमुने नव्या चाचणीने पुन्हा तपासले. भारतातल्या पाण्याच्या काविळीच्या बहुतेक साथी ई च्याच निघाल्या.

इतकं हाती आल्यावर जग खडबडून जागं व्हायला हवं होतं. जग जागं झालं, पण हिपॅटायटिस बी आणि सी साठी. २००७ मध्ये देशोदेशीच्या रुग्णसंघटना एकत्र आल्या, त्यांनी सरकारांच्या मागे लकडा लावला, २०१० मध्ये जागतिक आरोग्य सभेने २८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून मान्य केला आणि २०१६ मध्ये २०३० पर्यंत निर्मूलनाचं उद्दिष्ट ठरलं. ते उद्दिष्ट मुख्यतः बी आणि सी चं. त्यात अन्याय आहे असं मी म्हणणार नाही, सर्वांत जास्त बळी तेच घेतात. पण बी-सी चा रुग्ण वर्षानुवर्षं विषाणू बाळगून जगतो, चिडतो, संघटना काढतो, मंत्र्याच्या दारात उभा राहतो. ई चा रुग्ण बहुधा महिना-दोन महिन्यांत बरा होऊन कामाला लागतो, आणि जी बाई बाळंतपणाआधीच गेली ती कुठल्या मोर्चात येणार? भारताच्या २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात ए आणि ई यांनाही जागा मिळाली, हे त्यातल्या त्यात बरं. मात्र ई चा खरा इलाज नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात आहे. २०१२ साली इचलकरंजीत ई ची साथ आली, तोवर विषाणूचं नाव, गाव, कुंडली सगळं ठाऊक होतं.

लसही आहे. चीनने ती २०११ मध्ये मंजूर केली. ऐन साथीत ती पहिल्यांदा टोचली गेली २०२२ मध्ये, दक्षिण सुदानमधल्या बेंटिऊच्या विस्थापितांच्या छावणीत. सोळा ते चाळीस वयाच्या लोकांना ती दिली आणि या खेपेला गरोदर बायकांना वगळलं नाही.