फवारणीची विषबाधा नेमकी कोणत्या धड्यातली?

नेट-सेटची तयारी करताना आपण शरीर तुकड्या-तुकड्यांत वाचतो. पचनसंस्था संपली की श्वसनसंस्था, मग चेतासंस्था. परीक्षेपुरतं ते चालतं. संशोधनाला लागायचं असेल तर मात्र आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट घेऊन बसा आणि ती कोणत्या धड्यात बसते ते शोधा.

आमचं राजूर लोकांना माहीत आहे ते कोळशाच्या खाणीमुळे, पण वणी तालुक्यात जिकडे बघाल तिकडे पऱ्हाटीच. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. 20 हून अधिक जण दगावले. फवारलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधंही होती. (सगळी याच गटातली नव्हती, पण हा गट समजला की बरंच काही उलगडतं.)

आता आत काय होतं ते बघा. चेतापेशी स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप देते तो ॲसिटिलकोलीन या रसायनातून. निरोप पोचला की ॲसिटिलकोलीनेस्टरेज नावाचं विकर ते लगेच तोडून टाकतं. औषध नेमकं त्या विकरालाच जाऊन चिकटतं. मग निरोप थांबतच नाही. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, लाळ-घाम सुटतो, उलट्या-जुलाब लागतात, श्वासनळ्यांत स्राव साचतो, स्नायू फडफडतात आणि मग लुळे पडतात. विष शिरलं कातडीतून आणि श्वासातून, बिघाड झाला चेतासंस्थेत, आणि माणूस जातो तो बहुतेकदा श्वास बंद पडून. सांगा, कोणता धडा?

उपचारातही हेच दिसतं. ॲट्रोपिन (आपल्या धोतऱ्यातही ते असतं) स्राव आटवतं, नाडी सुधारतं. पण ते फक्त मस्कॅरिनिक ग्राहींवर चालतं. हातापायाच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरचे ग्राही निकोटिनिक असतात, तिथे त्याचा काही उपयोग नाही. म्हणून बरा वाटणारा रुग्णसुद्धा एक ते चार दिवसांत पुन्हा श्वासाला अडू शकतो. 'मस्कॅरिनिक व निकोटिनिक ग्राहींतील फरक' हा दोन गुणांचा प्रश्न तुम्ही पाठ केला असेल. वॉर्डात त्याच फरकावर व्हेंटिलेटर लागतो.

आणि खरा संशोधनाचा प्रश्न तर पुढेच आहे. रक्तातली या विकराची पातळी मोजता येते, पण ती निरोगी माणसांतही बरीच कमी-जास्त असते. फवारणीनंतरचा एकच आकडा हातात असेल, तर तो या माणसासाठी कमी की नेहमीचाच, हे कसं ठरवणार? त्याच माणसाचा आधीचा आकडा पाहिजे. म्हणजे नमुना घ्यायचा तो फवारणी सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, ऐन पेरणीच्या घाईत, जेव्हा कोणाला उभं राहायलाही वेळ नसतो. तुमच्या प्रस्तावात हे वेळापत्रक कसं बसवाल?