टँकमधला लाइट, लोणारचा फंडा!

माहीत आहे का? अख्खं तळं गुलाबी करायला एकही बल्ब लागत नाही! जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराने हिरवा रंग सोडून चक्क गुलाबी शालू नेसला.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने गुपित फोडलं. खारट पाण्यात मजेत राहणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव! ते तळाशी बसले, की वरचं पाणी नितळ. म्हणजे रंग पाण्याचा नव्हताच, पाण्यातल्या मंडळींचा होता.

घरच्या फिश टँकचाही फंडा हाच. लाइट पाण्यासाठी नाही, रहिवाशांसाठी निवडा!

लाल: समुद्रात पाणी सगळ्यात आधी लाल प्रकाश गिळतं. घरचा टँक जेमतेम दीड फूट, तिथे लाल सेफ! पण नुसता निळा लाइट लावलात तर लालबुंद फायटर मासा काळपट दिसतो. रंगाचा बेरंग!

निळा: निऑन टेट्रा माशाचा झगमगता पट्टा निळ्या रंगद्रव्याचा नाहीच. त्वचेतले ग्वानिनचे इवलेसे स्फटिक प्रकाश परतवतात, ती सगळी चमक! मागे काळा पडदा लावा, मग बघा शो.

हिरवा: वनस्पतींना हिरवा प्रकाश फारसा आवडत नाही. तो परतवतात, म्हणूनच हिरव्या दिसतात! त्यांची फेव्हरेट डिश लाल आणि निळा. झाडं असतील तर ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी घ्या, दोन्ही चवी एका ताटात.

पांढरा: माहीत आहे का, बहुतेक पांढरे एलईडी आतून निळेच असतात? वर पिवळ्या फॉस्फरचा लेप, की झाला पांढरा! निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं.

आणि गोल्डफिश? आपल्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या, तिच्या डोळ्यांत चार! आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही तिला दिसतात. लाइटची खरी परीक्षक तीच.

काळा: हो, अंधारही हवाच! गोल्डफिश, गप्पी, फायटर, कुणालाच पापण्या नाहीत. डोळे मिटणार कसे? टायमर लावा, दिवसाला साधारण आठ तास उजेड पुरे. त्याहून जास्त, तर शेवाळाची पार्टी!

लोणारचा नेहमीचा हिरवा रंगही नीलहरित शैवालाचाच. तो बघायला थेट लोणारला जा. घरच्या टँकचं मिनी लोणार नको!