काडी पाहावी, मग कात्री

परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावात परसात चार-पाच फळझाडे असणे नवलाचे नाही. दारात आंबा, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला पेरू, कुंपणाला सीताफळ आणि बोर, शिवाय जालना जिल्हाच मोसंबीचा असल्याने तिचेही एखादे झाड. या सगळ्यांची छाटणी मात्र बऱ्याच घरांत एकाच दिवशी उरकली जाते. घराची रंगरंगोटी, विजेच्या तारा, कुऱ्हाड चालवणारा गडी मोकळा असणे, यांवरून तो दिवस ठरतो आणि पुष्कळदा दिवाळीच्या तोंडावर येतो. पुढे आंबा मोहरला नाही की दोष हवेला, खताला नाहीतर रोपवाटिकेला जातो. छाटणीचा महिना झाडागणिक वेगळा असतो, आणि तो ओळखायला एकच प्रश्न पुरतो: या झाडाला फूल कोणत्या काडीवर येते?

आंब्याचा मोहर येतो तो पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर. फळे उतरल्यावर लगेच, म्हणजे जूनमध्ये, छाटले तर पावसाळ्यात नवी पालवी फुटते, ती ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत जून होते आणि डिसेंबर-जानेवारीत मोहरू शकते. तीच छाटणी दिवाळीत केली तर मोहर धरणारे शेंडेच कापले जातात. त्यांच्या जागी कोवळी फूट येते आणि ते वर्ष वाया जाते. पेरू आणि बोर यांचा स्वभाव अगदी उलटा. त्यांना फूल नव्या फुटीवर येते, म्हणून न छाटलेल्या झाडावर फळ दरवर्षी लांब शेंड्याकडे सरकते आणि आकाराने लहान होत जाते. बोरीची छाटणी एप्रिल-मेमध्ये, ती पाने गाळून विसावलेली असताना, चांगली कडक करावी. पुण्याच्या गणेशखिंड केंद्रात निवडलेला सरदार पेरू असो की गावठी, मेमध्ये शेंडे छाटले की त्याचे फळ हिवाळ्यात हाती येते, आणि हिवाळ्यातला पेरूच खरा गोड. सीताफळ थंडीअखेर पानगळ झाल्यावर हलके छाटावे. चिकूला तर वाळलेली आणि जमिनीला टेकलेली फांदी काढण्यापलीकडे कात्री लावूच नये.

मोसंबीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, बदनापूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे, तरीही परसातले झाड दुर्लक्षितच राहते. तिला मोठी छाटणी लागत नाही, लागते ती सल काढण्याची शिस्त. आंबे बहाराची फळे उतरल्यावर, ताण देण्याआधी, वाळलेल्या काड्या दोन-तीन सेंटिमीटर हिरव्या भागासह कापाव्यात. रोग सलीतूनच खाली उतरतो. मोसंबीचा डोळा रंगपूर लिंबू किंवा जंबेरीच्या खुंटावर भरलेला असतो. डोळ्याच्या खाली फूट दिसली तर महिना न पाहता लगेच मोडावी, नाहीतर चार-पाच वर्षांत मोसंबीच्या जागी आंबट लिंबांचे झाड उभे राहते. शेजारी कागदी लिंबू असेल तर त्याला भर पावसात कात्री लावू नये, कारण खैऱ्या रोगाचे जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबरच पसरतात.

झाडाला निसर्गच सांभाळतो, माणसाने हात कशाला लावावा, असा आक्षेप मनापासून घेतला जातो आणि त्यासाठी नैसर्गिक शेती करणाऱ्या जपानच्या मासानोबू फुकुओकांचा दाखला दिला जातो. पण पूर्वी छाटलेल्या संत्र्यांची छाटणी अचानक थांबवल्यावर फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली आणि बाग गेली, हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. रोपापासून मोकळे वाढलेले झाड आणि मध्येच सोडून दिलेले झाड यांत त्यांनी फरक केला आहे. आपली कलमे तर पहिल्या दिवसापासून माणसाने घडवलेली असतात. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: छाटले की ऊन लागून खोड तडकते. हे खरेच आहे. सफरचंदाचे झाड मधून वाटीसारखे उघडे करण्याची आणि भर हिवाळ्यात छाटण्याची रीत थंड देशांची. तिथे झाड हिवाळ्यात झोपते आणि ऊन अपुरे पडते. मराठवाड्यात मेचा पारा 40 अंशांपुढे जातो, त्यामुळे इथे छत्री विरळ करावी, उघडी करू नये. एका वर्षात पाव भागाहून जास्त पाला काढू नये आणि उघड्या पडलेल्या खोडाला चुना लावावा. बोर या पाव भागाच्या मर्यादेला अपवाद, कारण ती सगळे नव्याने उभे करते.

कापण्याची पद्धतही महिन्याइतकीच महत्त्वाची आहे. जाड फांदीला आधी खालून करवतीने थोडी खाच द्यावी, मग जरा पुढे वरून कापून तिचा भार उतरवावा आणि उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेरून काढावा. अमेरिकी वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे चिरून दाखवले, की झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. भोवती भिंत घालून त्याला कोंडते, आणि त्या कामासाठी ते कडे शाबूत लागते. म्हणून शेण-माती थापल्याने चुकीचा काप सुधारत नाही. मोसंबीवर बोर्डो पेस्ट मात्र लावावी, कारण डिंक्याची बुरशी ओलाव्यात खोडावर चढते. 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम कळीचा चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावे. लोखंडी भांडे वापरू नये.

दिवाळीच्या सुमारास आंब्याची काडी मोहराच्या तयारीत असते. घर रंगवताना तिला धक्का लावू नका. गडी बोलावलाच असेल, तर फळे उतरलेल्या मोसंबीची सल तेवढी काढून घ्या.